"मी कुणाला आवडतच नाही": किशोरवयीन मुलं आणि आत्मसन्मान – वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सातारा शहरातल्या आणि आसपासच्या गावांतल्या शाळांत आठवी ते दहावीच्या मुलांशी मी गेली काही वर्षं समुपदेशक म्हणून बोलते. त्याआधी बावीस वर्षं शिकवलं. पालकसभा संपली तरी दाराशी घुटमळणारे आई-वडील आणि मधल्या सुट्टीत "बाई, दोन मिनिटं" म्हणत येणारी मुलं यांचे नेहमीचे प्रश्न इथे एकत्र केलेत, शक्यतो त्यांच्याच शब्दांत. मुलांची ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

इतरांना आपण आवडतो असं वाटणं आणि स्वतःबद्दल बरं वाटणं यांचा खरंच संबंध आहे, की हे नवीन फॅड?

संबंध आहे, आणि तो लोकांच्या लक्षात येऊनही शंभर वर्षं उलटली. अमेरिकेतले समाजशास्त्रज्ञ चार्ल्स कूली यांनी 1902 मध्येच लिहिलं होतं की माणूस स्वतःला इतरांच्या नजरेच्या आरशात बघतो. मी त्यांना कसा दिसत असेन, ते माझ्याबद्दल काय ठरवत असतील, याचा तो अंदाज बांधतो आणि त्यावरून स्वतःचा अभिमान बाळगतो किंवा लाजतो.

1995 मध्ये मानसशास्त्रज्ञ मार्क लिअरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे आणखी नेमकं मांडलं. त्यांच्या मते आत्मसन्मान हा गाडीतल्या पेट्रोलच्या काट्यासारखा असतो. यवतेश्वरचा घाट चढताना काटा लाल रेघेवर आला की पोटात कसा गोळा येतो? आता काटा म्हणजे काही पेट्रोल नव्हे, टाकीत किती उरलंय तेवढं तो सांगतो. तसंच आपल्या माणसांत आपली जागा किती पक्की आहे, हे आत्मसन्मान सांगत असतो. माणूस हजारो वर्षं टोळ्या करून राहिला आणि टोळीबाहेर पडलेल्याचं काही खरं नसायचं. म्हणून हा काटा इतका हळवा.

पुढच्या बहुतेक उत्तरांत मी फिरून एकाच गोष्टीवर येणार आहे, ती आत्ताच सांगते. काटा अडकलेलाही असू शकतो. टाकी अर्धी भरलेली असते आणि काटा रिकामी दाखवतो. मूल "मी कुणाला आवडत नाही" म्हणालं की आधी एवढंच बघायचं, टाकी रिकामी आहे की काटा अडकलाय.

ते बघायचं कसं? मुलगा तर म्हणतो, मला एकही मित्र नाही.

"तुला मित्र किती?" असं विचारू नका. त्याचं उत्तर त्या दिवशीच्या मूडवर ठरतं. साध्या घडलेल्या गोष्टी विचारा. मधल्या सुट्टीत कुठे बसलास? डबा कुणाबरोबर खाल्लास? क्लासवरून येताना सोबत कोण होतं? वही राहिली तर फोटो कुणाकडून मागवतोस?

नववीतला एक मुलगा माझ्याकडे दोन आठवडे हेच सांगत होता, "बाई, मला कोणी विचारतच नाही." तिसऱ्या आठवड्यात बोलता बोलता कळलं की कोरेगावच्या एसटीत दोन पोरं रोज त्याच्यासाठी जागा धरून ठेवतात. खिडकीतून दप्तर टाकून! मी म्हटलं, "अरे, मग हे दोघं कोण?" तर म्हणाला, "ती होय, ती आपली गाडीतली." वर्गातली क्रिकेटवाली टोळी त्याला घेत नव्हती, आणि त्याच्या हिशेबात आवडणं फक्त त्या टोळीचं धरलं जात होतं. गाडीतली दोघं खात्यावर जमाच नव्हती.

हा हिशेब मोठ्यांचाही चुकतो. 2018 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन अभ्यासात अनोळखी माणसांना जोडीजोडीने गप्पा मारायला बसवलं. नंतर प्रत्येकाला विचारलं, समोरचा तुम्हाला किती आवडला आणि तुम्ही त्याला किती आवडला असाल? समोरच्याला आपण जितके आवडलो असू असं लोकांना वाटलं, त्यापेक्षा ते प्रत्यक्षात जास्त आवडलेले होते.

2000 सालचा दुसरा प्रयोग मला फार आवडतो. विद्यार्थ्याच्या अंगात एका गायकाचा चेहरा छापलेला, घालायला लाज वाटेल असा टी-शर्ट चढवायचा आणि त्याला भरलेल्या खोलीत पाठवायचं. मग विचारायचं, किती जणांनी बघितला असेल? विद्यार्थ्यांचा अंदाज जवळपास निम्म्यांचा. प्रत्यक्षात साधारण पावपट लोकांच्याच तो लक्षात आला होता. ही कॉलेजातली मुलं. चौदाव्या वर्षी तर सगळं गाव आपल्याच नाकावरच्या पिंपलकडे बघतंय असं वाटतं. डेव्हिड एल्काइंड यांनी 1967 मध्ये या वयाच्या मुलांबद्दल हेच सांगितलं होतं: त्यांच्या डोक्यात एक काल्पनिक प्रेक्षागृह कायम भरलेलं असतं.

काटा अडकलेला नसेल, टाकीच रिकामी असेल तर? माझ्या मुलीला वर्गाने खरोखर वाळीत टाकलंय.

तर "मनाला लावून घेऊ नकोस" हे वाक्य कृपा करून गिळून टाका. ते लागतंच.

किपलिंग विल्यम्स नावाचे मानसशास्त्रज्ञ एकदा बागेत बसले होते. शेजारी दोघं जण चकती फेकून खेळत होते. ती यांच्यापाशी आली, यांनी परत फेकली, त्यांनी पुन्हा यांच्याकडे टाकली. थोडा वेळ तिघांचा खेळ रंगला आणि मग त्या दोघांनी काही न बोलता यांच्याकडे टाकणं बंद केलं. ओळख ना देख, तरी मन खट्टू झालं. त्यावरून त्यांनी संगणकावरचा चेंडूफेकीचा एक खेळ बनवला आणि 2000 पासून तो प्रयोगांत वापरला जातो. काही फेकींनंतर चेंडू तुमच्याकडे यायचा थांबतो, एवढंच त्यात घडतं. मिनिटांत लोकांचा आत्मसन्मान उतरतो. पुढे तर असं दिसलं की "समोर माणसं नाहीत, नुसता संगणक खेळतोय" हे आधी सांगितलं तरी वाईट वाटतंच. परक्यांनी चेंडू दिला नाही तर हे, मग रोज शेजारी बसणाऱ्या मैत्रिणींनी बोलणं सोडलं तर काय होत असेल!

करायचं काय, तर आधी ऐकायचं, पूर्ण. कोण चुकलं याचा निवाडा करायची घाई नको. दुसऱ्या मुलीच्या आईला लगेच फोन लावू नका, सातारा लहान गाव आहे, संध्याकाळपर्यंत मुलींचं भांडण दोन घरांचं झालेलं असतं. वर्गशिक्षकांना एकट्यांना भेटा आणि साधी गोष्ट मागा: बेंच बदला, प्रकल्पाच्या गटात तिला एखाद्या शांत, समजूतदार मुलीबरोबर टाका. सगळ्या वर्गासमोर "तिच्याशी नीट वागा" असं भाषण मात्र होऊ देऊ नका, त्याने मुलगी आणखी उघडी पडते. आणि शाळेबाहेर तिला एक वेगळी जागा मिळवून द्या. कबड्डी, ढोलपथक, तबला, वाचनालय, मावसबहिणीची गल्ली, काहीही. एका टोळीने दार लावलं तरी दुसरीकडे आपली वाट बघणारं कोणी आहे, हे तिला माहीत हवं.

मित्र किती असले म्हणजे पुरे?

एक पक्का असला तरी खूप फरक पडतो. ज्याला त्रास दिला जातोय त्या मुलाला एक जिवलग मित्र असेल, तर त्या त्रासाचा परिणाम कमी होतो असं अभ्यासांत दिसलंय.

आमच्या मुलाला एकटंच बसायला आवडतं. काळजी करू का?

त्याला आवडत असेल, तर नाही. तो पुस्तक घेऊन माळ्यावर बसतो आणि जेवायला हाक मारली की हसत खाली येतो, तर त्याला बसू द्या. पाहुण्यांसमोर "हा जरा घुम्या आहे" म्हणणं तेवढं बंद करा.

जी मुलं वर्गात फेमस असतात, त्यांचा आत्मसन्मान चांगलाच असणार ना?

इथे दोन वेगळ्या गोष्टींची गल्लत होते. एक म्हणजे दरारा, दुसरी म्हणजे हवंहवंसं वाटणं. दरारा असलेल्या मुलाच्या बाइकचं कौतुक असतं, त्याच्या विनोदाला सगळे हसतात, पण सहलीला त्याच्या शेजारी बसायचं म्हटलं की पोरं काचकूच करतात.

1982 मध्ये अमेरिकेतल्या संशोधकांनी मुलांना विचारलं होतं, वर्गातली सर्वांत आवडती तीन मुलं कोण आणि सर्वांत नावडती तीन कोण? त्यातून गमतीदार गट पडले. काहींना पुष्कळांनी आवडतं म्हटलं. काहींना पुष्कळांनी नावडतं म्हटलं. काही मुलांची नावं दोन्ही याद्यांत भरपूर, म्हणजे अर्ध्यांना हवी, अर्ध्यांना नको. आणि काहींचं नाव कुठल्याच यादीत नाही. शेवटच्या गटातल्या मुलांची पालकांना फार काळजी वाटते, पण नाव न येणं आणि नावडतं असणं यांत पुष्कळ अंतर आहे. दोन्ही याद्यांत झळकणारी बरीचशी 'फेमस' मुलं माझ्याकडे येतात ती दमून. रोज भाव टिकवायचा म्हणजे रोज परीक्षा.

(शिक्षकांना हात जोडून विनंती: अशा चिठ्ठ्या वर्गात मागवू नका. नावं फुटतातच.)

आधी काय येतं? लोकांना आवडलं म्हणून आत्मविश्वास, की आत्मविश्वास आहे म्हणून लोकांना आवडतं?

दोन्ही. 2020 मध्ये 52 अभ्यास एकत्र करून, म्हणजे 47,000 हून अधिक लोकांची वर्षानुवर्षांची माहिती घेऊन, हेच तपासलं गेलं. चांगल्या नात्यांनी पुढे आत्मसन्मान वाढतो आणि चांगल्या आत्मसन्मानाने पुढे नाती सुधारतात. परिणाम दोन्ही बाजूंनी होतो, मात्र फार प्रचंड नाही. म्हणजे एका वाईट वर्षाने मूल कायमचं बुडत नाही.

मला यापेक्षा सुझन हार्टर यांचं काम जास्त उपयोगी वाटतं. त्यांनी मुलांनाच विचारलं, तुम्हाला काय वाटतं, आधी काय? काही म्हणाली, "मित्रांना मी आवडलो तर मी चांगला." काही म्हणाली, "मला मी बरा वाटतो, म्हणून मित्रांनाही वाटतो." पहिल्या गटातली मुलं मित्रांच्या मताचाच सारखा विचार करत होती, त्यांचं स्वतःबद्दलचं मत सतत वरखाली होत होतं आणि वर्गात त्यांचं लक्ष कमी असल्याचं शिक्षकांनी सांगितलं. काटा सगळ्यांनाच असतो. ही मुलं समोरचा रस्ता सोडून काट्याकडेच बघत गाडी चालवतात.

हे सगळं याच वयात का उफाळतं? पाचवीपर्यंत तर छान होती.

शरीर बदलतं, आवाज फुटतो, पाळी येते, आणि नेमक्या त्याच सुमारास आपल्याकडे शाळाही बदलते. जिल्हा परिषदेच्या शाळेत बावीस मुलांत सगळे एकमेकांना आजीच्या नावासकट ओळखत असतात. तिथून उठून मूल तालुक्याच्या हायस्कूलच्या साठ जणांच्या तुकडीत येतं. जुनी दोस्ती 'अ' आणि 'ब' तुकडीत वाटली जाते. जागा नव्याने मिळवायची म्हणजे काटा हलणारच.

दिलासा असा की, 1,64,000 हून जास्त लोकांची माहिती एकत्र करून 2018 मध्ये जे चित्र मिळालं त्यात 11 ते 15 या वयात सरासरी आत्मसन्मान फारसा वाढतही नाही आणि घसरतही नाही. त्यानंतर तो तिशीपर्यंत चांगलाच वाढत जातो. सरासरी म्हणजे तुमचं मूल नव्हे, हे मान्य. पण "आता हिचं असंच राहणार" असं धरून बसायचंही कारण नाही.

मुलगी सारखी आरशासमोर. दिसण्याचं एवढं काय असतं?

या वयात स्वतःची एकंदर किंमत आणि स्वतःचं दिसणं ही एकमेकांना घट्ट चिकटलेली असतात. अभ्यास, खेळ, मैत्री यांच्यापेक्षाही जास्त, असं हार्टर यांच्या पाहण्यांत वारंवार दिसलं. आरसा तिच्याकडून काढून घेऊ नका. आधी घरात तिच्या रंगावरून, वजनावरून कोण काय बोलतं ते आठवा. "आमच्यात हीच तेवढी सावळी" हे आत्या हसत म्हणते, मुलगी पण हसते. माझ्यासमोर मात्र कोणी हसत नाही.

आवडणं म्हटलं की आपल्याला फक्त मित्र-मैत्रिणी सुचतात. या जिल्ह्यात तरी तसं सुचू नये. मुलगा हवा असताना मुलगी झाली म्हणून तिचं नावच 'नकुशी' ठेवायचं, अशा मुली आपल्याच गावांत होत्या. शाळेच्या हजेरीत रोज सकाळी 'नकुशी' पुकारलं की तिने "हजर" म्हणायचं! ऑक्टोबर 2011 मध्ये जिल्हा प्रशासनाने साताऱ्यात कार्यक्रम घेऊन अशा 285 मुलींची नावं बदलली. कुणी देवीचं नाव घेतलं, कुणी सिनेमातल्या नटीचं. मुलींनी आपलं नाव आपण निवडलं, हे मला त्यात सर्वांत मोलाचं वाटतं. आता तशी नावं सहसा कोणी ठेवत नाही, पण "दुसरी पण मुलगीच का?" हे वाक्य ऐकत वाढलेल्या मुली मला आजही भेटतात. मैत्रिणीने मेसेजला उत्तर दिलं नाही की त्या इतरांपेक्षा जास्त कोसळतात.

तो स्वभावाने चांगला आहे, तरी मुलं त्याला घेत नाहीत. त्याचं काय चुकतंय?

कदाचित काहीच नाही. साताऱ्यातल्या राजवाड्याजवळच्या शाळेत 7 नोव्हेंबर 1900 रोजी भीमराव नावाच्या मुलाचं नाव दाखल झालं. त्याला बसायला स्वतःचं गोणपाट न्यावं लागे, इतरांपासून वेगळं. तहान लागली तर शिपायाने वरून पाणी ओतलं तरच प्यायचं, शिपाई नसला तर तहानेलंच राहायचं. त्या मुलाच्या स्वभावात काही सुधारणा केली असती तर चेंडू त्याच्याकडे आला असता का? त्याच गावात 1924 साली भाऊराव पाटलांनी सगळ्या जातींच्या मुलांना एका छताखाली आणून एका पंगतीत जेवायला बसवलं, तेव्हा त्यांनी मुलांना बदललं नाही, पंगत बदलली.

आज गोणपाट नाही. पण आडनाव विचारलं जातं, बोलीची नक्कल होते, ऊसतोड कामगारांच्या मुलाचे कपडे बघितले जातात. असं असेल तर मुलाला 'आवडण्याजोगं कसं वागावं' हे शिकवू नका. शाळेत जाऊन लेखी तक्रार करा.

इन्स्टाग्रामच्या लाइकने खरंच एवढा फरक पडतो?

पडतो. 2016 मध्ये लॉस एंजलिसच्या संशोधकांनी 13 ते 18 वयाच्या 32 मुलांना मेंदूच्या स्कॅनमध्ये झोपवून फोटो दाखवले. लाइकचे आकडे संशोधकांनीच ठरवलेले होते. तोच फोटो, पण जास्त लाइक दिसले की मुलंही जास्त लाइक देत होती, आणि स्वतःच्या फोटोला भरपूर लाइक दिसले की मेंदूतला बक्षीस मिळाल्यावर जागा होणारा भाग जागा होत होता. मुलं कमी होती, एकच अभ्यास आहे, म्हणून त्यावर फार मोठा इमला बांधू नये.

माझ्या पाहण्यात मात्र लाइकपेक्षा जास्त रडवतात त्या तीन गोष्टी: मेसेज बघूनही न आलेलं उत्तर, आपल्याला वगळून केलेला दुसरा ग्रुप, आणि कासला सगळे गेले होते हे स्टेटसवरून कळणं. फोन काढून घेतल्याने यातलं काही मिटत नाही, फक्त मूल सांगायचं बंद होतं. रात्री दहानंतर सगळ्या घराचे फोन, आई-वडिलांचेसुद्धा, एका टेबलावर ठेवायचे, एवढा नियम मी सुचवते. तो सगळ्यात जास्त वडील मोडतात.

आम्ही तर रोज कौतुक करतो, तरी तिला स्वतःबद्दल काही वाटत नाही.

कौतुक किती फुगवता? 2014 मध्ये नेदरलँड्समधल्या एका प्रयोगात मुलांनी काढलेल्या चित्रांवर काहींना "सुंदर काढलंयस" आणि काहींना "अफाट सुंदर काढलंयस" असा शेरा मिळाला. ज्यांचा आत्मसन्मान आधीच कमी, ती मुलं 'अफाट' शेऱ्यानंतर सोपी चित्रं निवडू लागली. आता दर वेळी अफाटच काढावं लागणार, याची धास्ती. त्यापेक्षा "भाकरी आज फुगली की तुझी" हे बरं. खरं असतं, आणि बघितलंय हे कळतं.

(आठवीतल्या मुलीचा प्रश्न) सगळ्यांना आवडायचं असेल तर मी काय करू?

सगळ्यांना? ते मलाही जमलेलं नाही. तू एक कर. उद्या डब्याच्या वेळी जी एकटी बसलेली दिसेल तिच्याजवळ जाऊन बस आणि तिला तिच्याबद्दल एक प्रश्न विचार, मग उत्तराबद्दल आणखी एक. आपल्याला जो नीट विचारतो तो माणूस आपल्याला आवडतो. तिला तू आवडत असशील तेव्हा तुला ते कळणार नाही, तुला वाटेल ती फक्त बरं दिसावं म्हणून बोलली. तेव्हा वरचं टी-शर्टवालं उत्तर परत वाच.

आत्मसन्मान मोजायची काही चाचणी आहे का?

आहे. मॉरिस रोझेनबर्ग यांनी 1965 मध्ये दिलेली दहा विधानांची यादी आजही वापरली जाते, आणि ती मुळात किशोरवयीन मुलांसाठीच केलेली होती. पण घरी करून "तुला किती पडले?" असं करू नका. गुणपत्रिका आपल्याकडे पुरेशा आहेत.

कुठवर घरी सांभाळायचं आणि कधी मदत घ्यायची?

दोन आठवडे झाले तरी झोप, भूक, अभ्यास बिघडलेलंच आहे, शाळेच्या दिवशीच पोट दुखतं, आवडीचा खेळही सोडलाय, तर थांबू नका. जिल्हा रुग्णालयात मानसोपचाराची सोय असते, सरकारी दवाखान्यांतल्या मैत्री क्लिनिकमध्ये 10 ते 19 वयाच्या मुलांशी बोलतात. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य सेवेचा 14416 हा फोन चोवीस तास आणि मराठीतही चालतो, मुलांसाठी 1098 आहे. "मी नसलेलंच बरं" असं काही मूल बोललं किंवा अंगावर कापल्याच्या खुणा दिसल्या, तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्या आणि त्याला एकटं सोडू नका. "नाटकं करते" असं म्हणणाऱ्या नातेवाइकांना त्या दिवशी घरी बोलवू नका.

बाई, तुम्ही शाळेत सगळ्यांना आवडायचात का?

हा प्रश्न दर वर्षी येतो. आठवीत असताना गॅदरिंगच्या नाचातून मला ऐन वेळी काढलं होतं. मी वर्षभर मान खाली घालून वर्गात जायचे, सगळ्यांना ते आठवत असणार म्हणून. मध्यंतरी पोवई नाक्याजवळ आमच्या बॅचचं संमेलन झालं, तिथे धीर करून विचारलं. तो नाच होता हेच कुणाला आठवेना. एकीला मात्र माझ्या डब्यातली शेंगदाण्याची चटणी आठवत होती. कशी करायची म्हणून तिने नंबर घेतला, अजून फोन केलेला नाही.